पोराने स्टेप्स आउटसोर्स केल्यात, आता काय करू?

ताई नमस्कार,
आम्ही चिंचवडला बारा मजली सोसायटीत राहतो. मुलगी आठवीत, १३ वर्षांची, आणि मुलगा चौथीत, ९ चा. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा मी दोघांना फिटनेस बँड घेतले, रोज १०,००० स्टेप्सचं टार्गेट दिलं, फ्रीजवर चार्ट लावला आणि आठवडाभर टार्गेट पूर्ण केलं तर रविवारी ५० रुपये असं ठरवलं. पंधरा दिवस मस्त चाललं. मग कळलं की मुलगा स्वतः घरात गेम खेळत बसतो आणि बँड खालच्या मजल्यावरच्या मित्राच्या हातात घालून त्याला खेळायला पाठवतो, बदल्यात चिप्सचा पुडा. मुलगी आठवड्यातून दोनदा भरतनाट्यमला जाते, ट्यूशनला सायकलने जाते, तरी तिचे स्टेप्स चार हजाराच्या वर जात नाहीत. एकदा जेवताना मी तो आकडा सगळ्यांसमोर वाचला तर रडली, बँड काढून ड्रॉवरमध्ये टाकला आणि म्हणाली तू माझ्यावर पाळत ठेवतेस. शाळेच्या फिटनेस टेस्टमध्ये ६०० मीटरला ती शेवटून दुसरी आली, तेव्हापासून पीटीच्या दिवशी हमखास पोट दुखतं. सासूबाई म्हणतात मुलगा काडी आहे त्याला कशाला पळवतेस, मुलगी अंगाने भरतेय तिला पळव. नवरा म्हणतो आमच्या वेळी कोण मोजत होतं. मला एवढंच सांगा, या वयात किती स्टेप्स हव्यात, खरं मोजणारा बँड कुठला, आणि मुलीचं काय करू?
– एक दमलेली आई

अगं, तुला अगं म्हटलेलं चालेल ना, माझ्या भाचीच्या वयाची असशील. आधी तुझ्या मुलाबद्दल बोलते कारण पत्र वाचून मी एकटीच हसत बसले होते. त्या पोराने नऊव्या वर्षी काम बाहेर दिलंय, स्वतःचं मार्जिन ठेवून, ५० रुपयांत एक चिप्सचा पुडा वजा केला तर किती उरतात बघ. हिंजवडी जवळ आहे म्हणतात ते उगाच नाही. त्याला रागावू नकोस. तू त्याला स्टेप्स मागितल्यास, त्याने स्टेप्स आणून दिल्या, कोणाच्या पायाच्या ते तू कुठे सांगितलं होतंस?

आता तुझ्या १०,००० बद्दल. हा आकडा कुठल्या बालरोगतज्ज्ञाने काढलेला नाही. १९६४ ला टोकियोत ऑलिंपिक झालं, जपानमध्ये व्यायामाची हवा तयार झाली, आणि १९६५ मध्ये तिथल्या यामासा नावाच्या कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं, नाव मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. नाव लक्षात राहणारं होतं, आकडा गोल होता, तो जगभर चिकटला. लहान मुलांचा त्यात काही विचारच नव्हता. उलट नऊ-दहा वर्षांचं पोर खरंच दिवसभर हुंदडलं तर बारा-तेरा हजार सहज होतात, म्हणजे तुझ्या मुलासाठी टार्गेट कमीच होतं की काय म्हणायची वेळ. पण ते सोड, कारण मुलांच्या बाबतीत पावलं हा मुळात धड मापच नाही.

माप आहे ते मिनिटांचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलंय की ५ ते १७ वर्षांच्या मुलांची हालचाल दिवसाला सरासरी किमान ६० मिनिटं व्हावी, आणि ती मध्यम ते जोरदार अशी, आणि आठवड्यातून किमान ३ दिवस खरंच घाम काढणारं आणि हाडं-स्नायूंना ताण देणारं काहीतरी असावं, उड्या, लटकणं, चढणं, ओढाओढी. यातला सरासरी हा शब्द पेनने अधोरेखित कर. आधीच्या २०१० च्या सूचनांमध्ये रोज कमीत कमी ६० मिनिटं असं होतं, २०२० ला ते बदलून आठवड्याची सरासरी केलं. म्हणजे पाऊस लागला आणि गुरुवारी पोर दहाच मिनिटं हललं तरी आभाळ कोसळत नाही, शनिवारी दोन तास चिखलात खेळलं की भरून निघतं. तुझ्या फ्रीजवरच्या चार्टला गुरुवार लाल दिसतो, शरीर तसा रोजच्या रोज हिशोब मागत नाही.

मध्यम म्हणजे किती, तर दम लागतो, बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. जोरदार म्हणजे दोन-चार शब्द बोलून श्वास घ्यायला थांबावं लागतं. बस, यासाठी काही विकत घ्यायला लागत नाही, मी ग्राउंडच्या कडेला उभी राहून पोरांना काहीबाही विचारायचे, डब्यात काय होतं वगैरे, उत्तर कसं येतं त्यावरून कळायचं.

(हो, मी २२ वर्षं शाळेत पीटी शिकवलीये, म्हणून तुझं पत्र माझ्याकडे आलं.)

आता बँडचं का जमत नाही ते सांगते, कारण तू विचारलंयस खरं मोजणारा बँड कुठला. मुलं मोठ्यांसारखी हलत नाहीत गं. आपण चालायला निघालो की अर्धा तास एका चालीने चालतो. मुलं म्हणजे पळाली, थांबली, खाली बसली, ओरडली, परत पळाली. अमेरिकेत १९९५ मध्ये काही संशोधकांनी ६ ते १० वर्षांच्या मुलांकडे काही सेकंदांच्या हिशोबाने बघून नोंदी केल्या, तर जोरदार हालचालीचा एक तुकडा साधारण ३ सेकंदांचा निघाला, आणि असले ९५ टक्के तुकडे १५ सेकंदांच्या आत संपत होते. म्हणून अभ्यासात मुलांच्या कमरेला हालचाल मोजायचं यंत्र लावतात तेव्हा त्यात १५ सेकंद किंवा त्याहून छोटे कप्पे धरतात, मिनिटाचा कप्पा धरला तर पळणं आणि थांबणं एकत्र कालवून सगळं मिळमिळीत दिसतं. आणि एवढं करूनही ते लोक एका दिवसावर विश्वास ठेवत नाहीत, आठवडाभर लावायला देतात, शनिवार-रविवार धरून, कारण नवीन यंत्र हातात आलं की पहिले एक-दोन दिवस पोरं जरा जास्तच उड्या मारतात. तुझे ते पहिले मस्त पंधरा दिवस आठव.

आणि मनगटावरचा बँड सायकल कशी मोजणार? हात हँडलला चिकटलेला, पाय गोल गोल फिरतायत, बँडला वाटतं बाई बसलीये. भरतनाट्यमला बहुतेक बँड काढूनच ठेवायला सांगत असतील. कबड्डी, मल्लखांब, कुठेही तो हातात राहत नाही किंवा राहू नये. म्हणजे तुझी मुलगी जे जे खरं करते नेमकं तेच बँडला दिसत नाही!

आपण हातानेच हिशोब करू. ट्यूशनला सायकलने जायला समजा १२ मिनिटं, यायला १२, आठवड्यातले ५ दिवस, झाली १२० मिनिटं. डान्सचा तास दोनदा, त्यातला उभं राहून समजून घेण्याचा वेळ काढला तरी अरमंडीत (गुडघे बाहेर वळवून अर्धं बसून) अडवू, म्हणजे नाचाच्या मूळ हालचाली, करायचे म्हणजे मांड्या पेटतात, ४० मिनिटं धर, दोनदा ८०. झाले २००. आठवड्याची गरज ४२०, म्हणजे जवळजवळ निम्मं काम ती पोरगी कोणी न सांगता करतेय आणि आपण तिला जेवताना चार हजार चार हजार म्हणून ऐकवतोय. मिनिटं मी अंदाजाने धरलीयेत, तू खरी घाल, पण चित्र फार बदलणार नाही.

मग मोजायचंच नाही का? मोज की. फक्त पद्धत बदल आणि मुख्य म्हणजे कशाला मोजतोय ते बदल. तू मुलांना मोजत होतीस, आता त्यांचा दिवस मोज. वर्षभर नको, एकच आठवडा, सोमवार ते रविवार. एक साधी शंभर पानी वही घे, दिवसाचे तुकडे पाड, शाळेआधी, मधली सुट्टी, पीटीचा तास, शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत, जेवणानंतर. रात्री पाच मिनिटं प्रत्येकाशी वेगवेगळं बसायचं आणि विचारायचं, मधल्या सुट्टीत कुठे होतास, कोण कोण होतं, काय खेळलात. किती मिनिटं खेळलास असं नऊ वर्षांच्या पोराला विचारू नकोस, त्याला मिनिटं आठवत नाहीत, त्याला आठवतं की अमक्याने राज्य देताना चिडका डाव केला. कॅनडातल्या सस्कॅचेवान विद्यापीठात शाळकरी मुलांसाठी एक प्रश्नावली तयार झालीये, ती मागच्या सात दिवसांचं असंच विचारते, पीटीच्या तासाला काय केलंस, सुट्टीत काय केलंस, शाळा सुटल्यावर काय, रविवारी काय, कारण मुलांची आठवण जागेला आणि माणसांना बांधलेली असते. मिनिटांचा अंदाज तू लाव, मागून, गुपचूप.

आठवड्याने वही उघडलीस की भोक कुठे आहे ते आपोआप दिसतं. माझा अंदाज सांगू? दोन ठिकाणी. एक म्हणजे संध्याकाळी चार ते सात, जिथे आपण ट्यूशन, अबॅकस, होमवर्क असं सगळं कोंबलंय, आणि दुसरं रविवार. लोकांना वाटतं सुट्टीच्या दिवशी पोरं जास्त खेळतात, पण बऱ्याच देशांतल्या मोजमापांत उलटं निघतं, सुट्टीला कमी हलतात, कारण उशिरा उठायचं, मॉल, नातेवाईक, मोबाइल.

आणि पीटीचा तास आहे ना शाळेत, असं म्हणून निश्चिंत राहू नकोस, हे मीच सांगते. एकदा मी माझ्याच तासाला एका मुलावर स्टॉपवॉच लावलं होतं, तो हलला की सुरू, थांबला की बंद. ३५ मिनिटांच्या तासात तो ९ मिनिटं हलला! बाकी वेळ ओळीत उभं राहणं, हजेरी, माझी सूचना, आणि ४८ पोरांत तीन बॉल म्हणून वाट बघणं. त्या दिवसापासून मी ओळी बंद केल्या आणि हजेरी पळता पळता घ्यायला लागले, हेडबाईंना आवाज फार होतो म्हणून आवडलं नव्हतं.

ही वही वर्षातून तीनदा पुरे. आता एकदा, दिवाळीनंतर एकदा, आणि मे महिन्याच्या सुट्टीत एकदा, कारण पावसाळ्यातलं पोर आणि सुट्टीतलं पोर ही दोन वेगळी पोरं असतात.

सासूबाईंचं. मुलगा काडी आहे म्हणून त्याला पळायची गरज नाही हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं आणि याला उत्तर तुझ्या जवळच, पुण्यातच तयार झालंय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३, म्हणजे वजन-उंचीच्या हिशोबाने दोघे सारखेच बारीक. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपली भारतीय शरीरं वरून सडपातळ दिसून आत चरबी साठवतात आणि डायबेटिस लवकर गाठतो तो त्यामुळेही. तेव्हा काडी पोरगा सोफ्यावर बसून राहिला तर तो काडीच राहील, पण निरोगी असेलच असं नाही. सासूबाईंना फोटोची गोष्ट सांग, आकड्यांपेक्षा ती जास्त पटते. आणि मुलगी अंगाने भरतेय हे वाक्य घरात बंद. तेराव्या वर्षी मुलगी अंगाने भरणारच, तिने काय करायचं होतं?

आता मुलीकडे येते, खरं तर तुझ्या पत्रातलं मला एवढंच महत्त्वाचं वाटलं.

मी एक गोष्ट कबूल करते. नोकरीच्या पहिल्या सात-आठ वर्षांत मी ६०० मीटर झाल्यावर सगळ्यांच्या वेळा मोठ्याने वाचायचे, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. मला वाटायचं ईर्ष्या पेटेल. आठवीतली एक मुलगी दर गुरुवारी चिठ्ठी आणायला लागली, आजारी आहे, पीटीला बसू द्यावे, खाली आईची सही. तिसऱ्या चिठ्ठीला माझ्या लक्षात आलं की अक्षर तिचंच आहे. मी काय केलं, तर खोटी सही केली म्हणून तिला वर्गात उभं केलं. का केली ते विचारलं नाही. ती दहावी होऊन गेली, मैदानावर परत आली नाही. खूप वर्षांनी लक्ष्मी रोडला साड्यांच्या दुकानात भेटली, हसून बोलली, आणि जाता जाता म्हणाली बाई तुम्ही नाव वाचायचात ना शेवटी, ते अजून कानात आहे. तुझ्या मुलीचं पीटीच्या दिवशीचं पोट दुखणं वाचलं आणि ते दुकान आठवलं.

तुझ्या मुलीचा प्रॉब्लेम एकटीचा नाही हे तिला सांग. २०१६ पर्यंतची १४६ देशांतल्या ११ ते १७ वयाच्या शाळकरी मुलांची माहिती एकत्र करून जो हिशोब झाला त्यात ८१ टक्के मुलं पुरेशी हलत नव्हती, मुलग्यांमध्ये साधारण ७८ टक्के आणि मुलींमध्ये ८५. दक्षिण कोरियातल्या मुलींचं तर ९७ टक्के! सगळ्या जगातल्या मुली एकदम आळशी झाल्या असं तर नाही ना. ग्राउंडवर मुलांचं क्रिकेट, त्यामुळे कडेला बसायचं, पाळी नवीन सुरू झालेली, शाळेच्या बाथरूममध्ये पाणी नाही, टी-शर्टमधून काय दिसतंय याची धास्ती, पळताना मागून कोणीतरी केलेली कॉमेंट. यातलं तुझ्या मुलीचं काय आहे ते मला माहीत नाही आणि तुलाही नाही, कारण विचारलंयस ते स्टेप्सचं. एकटी गाठ तिला, भाजी आणायला दोघीच जा, स्कूटरवर मागे बसली की पोरी बोलतात, तोंड दिसत नाही ना. आधी जेवतानाचं सॉरी म्हण. मग विचार की पीटीला नक्की काय नको वाटतं. आणि उत्तर येवो न येवो, तिला व्यवस्थित मापाची स्पोर्ट्स ब्रा घेऊन दे, दोन, हे मी ढिगाने आयांना सांगितलंय आणि कितीतरी मुली नुसत्या एवढ्याने परत पळायला लागलेल्या पाहिल्यात. पोटदुखी खरी पाळीची असेल आणि दर महिन्याला शाळा बुडण्याइतकी असेल तर मात्र डॉक्टरांना दाखव, सहन करायला शिकवू नकोस.

तिला हे पण सांग की मुलींची हाडं साधारण साडेबारा वर्षांच्या आसपास सगळ्यात झपाट्याने भरतात, म्हणजे आत्ता, आणि त्यांना दणके लागतात. दोरीच्या उड्या, लंगडी, भरतनाट्यमचे पाय आपटणे, हे सगळं त्यात येतं. श्रावण तोंडावर आहे, तुमच्या सोसायटीत मंगळागौरीची प्रॅक्टिस चालू असेल, तू जात असशील तर तिला घेऊन जा, नसशील जात तर तू पण जा. बसफुगडी (बसून घालायची फुगडी) आणि पिंगा सलग दहा मिनिटं करून बघ आणि मग गाणं म्हणता येतं का ते मला सांग. शाळेचं लेझीम पथक असेल तर तेही बघ, गणपतीपर्यंत दीड महिना रोजचा सराव, कोणी व्यायाम म्हणत नाही आणि पोरी घामाने निथळतात.

शाळेच्या त्या टेस्टबद्दल. खेलो इंडिया या केंद्र सरकारच्या खेळ योजनेचं ॲप फेब्रुवारी २०१९ मध्ये आलं आणि तेव्हापासून बऱ्याच शाळा त्याप्रमाणे चाचण्या घेतात. ५ ते ८ वयाला बीएमआय, एका पायावर तोल सांभाळायचा फ्लेमिंगो आणि प्लेट टॅपिंग (दोन चकत्यांवर आळीपाळीने पटापट हात टेकवायचा) एवढंच असतं, ९ पासून १८ पर्यंत बीएमआय, ५० मीटर, ६०० मीटर, बसून पुढे वाकणं, कर्ल-अप, पुश-अप. चाचणी वाईट नाही, पण ती फिटनेस मोजते, हालचाल नाही, आणि आपण दोन्ही एकच धरतो. आठवडाभर खेळणारी मुलगी ६०० मीटरला मागे राहू शकते, कारण तिची उंची यंदा भस्सकन वाढलीये, किंवा तिने पहिले १०० मीटर जीव तोडून पळून घेतलं, कारण दम राखून कसं पळायचं ते तिला कोणी शिकवलंच नाही (आम्ही क्वचितच शिकवतो, शिट्टी मारतो आणि सोडून देतो). त्या कागदावर एकच गोष्ट बघायची, तिची मागच्या वर्षीची वेळ आणि यंदाची वेळ. पीटीच्या सरांना भेट, तक्रार म्हणून नको, आणि एवढंच विचार की निकाल प्रत्येकाच्या हातात वेगळा देता येईल का आणि धावताना पाच-सहा जणींची तुकडी करता येईल का. सांगितलं तर बरेच जण ऐकतात, आम्हाला कोणी सांगतच नाही.

बँडचं काय करायचं ते राहिलंच. इंग्लंडमध्ये १३-१४ वर्षांच्या सुमारे शंभर मुलांना ८ आठवडे असे बँड दिले होते, सुरुवातीला उत्साह, मग एकमेकांशी तुलना, टार्गेटचं दडपण, आणि शेवटी स्वतःहून हलायची इच्छा वाढायच्या ऐवजी कमी झाली. तुझ्या घरात हाच प्रयोग दोन मुलांवर झाला. म्हणून मुलीचा बँड ड्रॉवरमध्येच राहू दे, तिने मागितला तर दे, आणि तिचा ॲपमधला आकडा तुझ्या फोनवर दिसत असेल तर ते बंद कर आणि तिला दाखवून बंद कर. ५० रुपयांचं बक्षीसही थांबव, पण मुलाचा हिशोब चुकता करून मग थांबव, नाहीतर तो कायम म्हणेल आईने पैसे बुडवले.

मुलाला मात्र बँड दे आणि सांग की तू आता टेस्टर. सायकलवर किती दाखवतो, लगोरीच्या एका डावात किती, क्रिकेटमध्ये बाउंड्रीवर फिल्डिंग करत तासभर उभं राहिल्यावर किती (हे त्याला कळलं पाहिजे), दप्तराला अडकवून बसमध्ये किती, टीव्ही बघत हात हलवला तर किती. आधी अंदाज लिहायचा, मग आकडा. असल्या पोराला यंत्राला उघडं पाडायला फार आवडतं आणि त्या नादात ते दोन तास बाहेर असतं. नवा बँड घेऊ नकोस. आणि कोणी कॉलवालं, लोकेशनवालं लहान मुलांचं घड्याळ घे म्हटलं तर जरा थांब, जर्मनीने २०१७ मध्ये अशा चोरून ऐकता येणाऱ्या घड्याळांची विक्रीच बंद केली होती, मुलांची माहिती कुठे जाते ते दुकानदाराला माहीत नसतं.

तुझा नवरा म्हणतो ते अर्धं बरोबर आहे. त्याच्या वेळी कोणी मोजत नव्हतं कारण शाळा सुटली की दप्तर फेकून पोरं गल्लीत असायची, विटीदांडू, शिवणापाणी, आबाधुबी, आणि गल्लीत गाड्या दोन. आता तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये नो बॉल गेम्सची पाटी असेल, पैज लावते. तर त्याला म्हण, वही घेऊन कमिटीच्या मीटिंगला तू जा. संध्याकाळी सहा ते सव्वासात एका विंगखालची जागा गाड्यांशिवाय मोकळी ठेवा एवढंच मागायचं, त्यात दोन दिवस मुलींना आधी. मोबाइलचे परिणाम वगैरे भाषण देऊ नका म्हणावं, सरळ दाखवायचं की आमच्या घरात या दोन मुलांना मंगळवारी खेळायला अमुक इतकी मिनिटं मिळाली. शेजारच्या दोन-तीन घरांनी पण वही केली तर अजून बरं, आणि त्या चिप्सवाल्या मित्राचं घर त्यात नक्की घे, तुझ्या मुलाच्या निम्म्या स्टेप्स त्याच्याच आहेत.

पहिल्या आठवड्याची वही झाली की फोटो काढून पाठव, मुलीची पानं मात्र तिला विचारून.